थंडीचा दिवा

सोमवार, १४ मार्च १९८३. उदगीर

हदगावच्या क्वार्टरमधली पहिली सकाळ. सामान अजून दोरीतच होतं. हे जमिनीवर पालथे पडून टेबलाच्या पायाखाली वर्तमानपत्राच्या घड्या सरकवत होते आणि मी दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन टेबलावरच्या पाणसळीकडे बघत होते.

"बुडबुडा कुठंय?"

"जरा डावीकडं."

"आता?"

"आता मध्ये. चहा गार झाला."

"वाकड्या टेबलावरच्या गरम चहापेक्षा सरळ टेबलावरचा गार बरा," असं म्हणत उठले. बंडी धुळीनं माखली होती. मी रागावले, ते हसले. एवढंच. तीस वर्षं झाली त्याला. हे म्हणजे शिवमूर्ती. डायरीत नाव लिहायला हरकत नाही. बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. हदगाव, नांदेड, उदगीर, जिथं बदली झाली तिथं आधी पाणसळ निघायची, मग देव.

आज ती आठवण येण्याचं कारण म्हणजे आज मी ती पाणसळ पेटीतून काढली. लाकडी, पितळी कडांची, मध्ये काचेची नळी. काच जुनी झालीय, बुडबुडा हल्ली धुरकट दिसतो.

काढण्याचं कारण सकाळी आलं. दवाखान्याच्या सिंधु डॉक्टर घरी आल्या. त्यांच्या दवाखान्याला एक परदेशी नर्सबाई मायदेशी जाताना आपली गाडी देऊन गेल्यात. गाडी कसली, चाकांवरचं घर आहे. पलंग, चूल, टेबल आणि रॉकेलवर चालणारा फ्रिज! खाली ज्योत, वर गारवा. बरोबर एक इंग्रजी पुस्तक आणि नर्सबाईंचा एक निरोप, गाडी सपाट उभी राहिली पाहिजे.

"काकू, मला इंग्रजी येतं पण वेळ नाही. ड्रायव्हर खाजाभाईंना वेळ आहे पण इंग्रजी नाही. तुमच्याकडं दोन्ही आहे."

शाळेतून रिटायर झालेल्या बाईला आणखी काय पाहिजे!

बुधवार, १६ मार्च

पुस्तक वाचून संपवलं. सार असं की हा फ्रिज फार मानी आहे. गाडी जराशी कलती असली तरी आतलं औषधी पाणी नळ्यांतून वाहत नाही आणि मग तो गार व्हायचं नाकारतो. ज्योत निळीच हवी. पिवळी झाली की काजळी धरते आणि काजळी धरली की संपलं.

निळी ज्योत बघून मला आमचं हैदराबादचं कॉन्व्हेंट आठवलं. चॅपेलमध्ये एक तांबड्या काचेचा दिवा कायम तेवत असे. त्यात तेल घालायची पाळी आम्हा मुलींना आठवड्यातून एकदा मिळायची. मी लिंगायताची मुलगी, पण माझी पाळी मी कधी चुकवली नाही. घरी वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "दिव्याला जात कुठली? घाल तेल."

सिंधु डॉक्टरांनी आज अट सांगितली. लातूर जिल्हा होऊन सात महिने झाले. नवे आरोग्य साहेब म्हणतात, जळकोटच्या बाजूच्या बारा गावांची लस गाडीत ठेवायची तर फ्रिजनं सलग पंधरा दिवस दोन ते आठ डिग्री राखून दाखवावं. तक्ता तीस एप्रिलच्या आत हवा. नाही जमलं तर गाडी विकायची आणि बायांनी आताच्यासारखंच लेकरं काखेत घेऊन या उन्हात उदगीरपर्यंत चालायचं.

तोवर आत लसीऐवजी पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या. या दुष्काळात फ्रिजमधल्या पाण्यावर सगळ्यांचा डोळा आहे, माझासुद्धा.

सोमवार, २१ मार्च. जळकोट

गाडीतला पहिला मुक्काम. सोमवार ते शुक्रवार इथं, मग उदगीरला, असं ठरलंय. चालत्या गाडीत ज्योत लावायची नाही. रस्त्यात बर्फाच्या डब्यांवर निभवायचं आणि पोचल्यावर आधी गाडी सरळ करायची.

गावानं मानाची जागा दिली, मठासमोरचं अंगण. मी फ्रिजवर पाणसळ ठेवली, खाजाभाईंनी चाकांखाली फळ्या सरकवल्या. मी आतून "डावीकडं", "उजवीकडं" ओरडत होते. बुडबुडा मध्ये आला. मी पाणसळ खादीच्या फडक्यात गुंडाळून ठेवली.

खाजाभाई आत आले. पन्नाशीचे आहेत, डोक्याला कायम रुमाल. त्यांना चहाचं भारी वेड. आल्या आल्या बशीत चहा ओतला, बशी फ्रिजवर ठेवली आणि पिण्याऐवजी वाकून तिच्याकडं बघतच बसले.

"काय हो, माशी पडली का?"

"नाही बाई. चहा बघून राहिलो. निवांत झाला पाहिजे."

मग बाहेर जाऊन एका फळीखाली पत्र्याचा तुकडा सरकवून आले. "खडा टोचत होता चाकाला," म्हणाले. पुन्हा बशीतला चहा चारी काठांनी बघितला, मग प्यायले. माणसाच्या एकेक तऱ्हा! पण हात स्वच्छ आणि बोलणं अदबीचं आहे.

ज्योत लावली. ती बाहेरच्या जाळीच्या झाकणातून दिसते. शेजारची दानम्मा म्हणून बाई येऊन ती बघत बसली. साठीची असेल, कपाळावर भस्माचे पट्टे.

"अक्का, ह्यो दिवा कशाचा?"

"थंडीचा." मला सोपं करून सांगता येईना. "हा जळतोय तोवर आतली लस गार राहते. विझला की लस वाया."

"आणि लस म्हंजी त्ये धनुर्वाताचं सुईपाणी?"

"तेच."

मग तिनं सांगितलं. गेल्या साली तिचा नातू जन्मून आठव्या दिवशी धनुर्वातानं गेला. आता सुनेला पुन्हा पाचवा आहे.

"मंग ह्यो विझू द्यायचा न्हाई," ती म्हणाली आणि जाळीला हात लावून नमस्कार केला. मी म्हटलं, "विझणार नाही. मी आहे ना."

मंगळवार, २२ मार्च

तेरा डिग्री! ज्योत पिवळी, जाळीवर काजळी.

खाजाभाई म्हणाले, "बाई, सकाळपासून भज्यांचा वास येऊन राहिला."

समोर हॉटेल आहे, येणारच. म्हटलं खायची असतील तर जा खाऊन या. गेले आणि परत येऊन म्हणाले, हॉटेल बंद आहे, पाण्याअभावी. मग वास कुठला कोण जाणे. उपाशीपोटी माणसाला असे वास येतात.

शनिवार, २६ मार्च. उदगीर

खाजाभाईंनी टाकी रिकामी केली, वात धुतली, धुराडं ब्रशनं घासलं. आज पाच डिग्री, ज्योत निळीशार. म्हणजे दोष जळकोटच्या जमिनीचा. तिथं उतार आहे आणि गाडी रात्रीतून खचत असणार.

टाकीतलं काढलेलं रॉकेल दवाखान्याच्या स्वयंपाकिणीला दिलं तर ती म्हणते, स्टोव्ह धूर करतो. तिचं रोज काहीतरी असतंच.

मंगळवार, २९ मार्च. जळकोट

चौदा. पुन्हा पिवळी ज्योत. दानम्मा विचारत होती, "अक्का, दिवा बरा हाय न्हवं?" तिच्या चेहऱ्याकडं बघून मी खोटं बोलले. "बरा आहे." ती म्हणाली, "ऱ्हाणारच. आमी हाव की." चांगली बाई आहे. हाताला तेलाचा वास असतो, बहुतेक मालिश करत असावी बाळंतिणींची.

रविवार, ३ एप्रिल. जळकोट

आज जे बघितलं ते यांना बघायला मिळायला हवं होतं.

मी सरपंचांना म्हटलं होतं, गाडीला सपाट ओटा मिळाला तर बरं. त्यापायी या शनिवार-रविवारी उदगीरला न जाता इथंच थांबलो. दुष्काळी कामावरचे वीसेक बायाबाप्ये दिवसभर तलावात माती उपसून संध्याकाळी आले आणि तीन दिवसांत मुरुमाचा ओटा उभा केला. महादेवप्पा गवंडी मुकादम. पाणी मारायला टँकरमधलं पाणी नको म्हणून बायांनी भांडी विसळलेलं पाणी राखून आणलं. दानम्मा सगळ्यांच्या पुढं.

शेवटी पाणसळ माझ्या हातात दिली. मी गुडघे टेकून ओट्यावर ठेवली. महादेवप्पा म्हणाले, "बुडबुडा बोला बाई." डोळे भरून आल्यामुळं असेल, मला नीट दिसेना. मी म्हटलं, "मध्ये." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

महादेवप्पांनी पाणसळ उचलून उलटी करून ठेवली, पुन्हा बघितली, पुन्हा उलटी केली. गवंडी लोकांची अशी काहीतरी पद्धत असावी. काहीतरी बोलणार होते तेवढ्यात खाजाभाईंनी त्यांना बाजूला तंबाखू मळायला नेलं. परत आले ते दोघं हसत. काम संपल्याचा आनंद, दुसरं काय.

मंगळवार, ५ एप्रिल

सोळा डिग्री.

बिलियर्डच्या टेबलासारखा ओटा आणि सोळा डिग्री! आज पहिल्यांदा मला वाटलं की हे आपल्याच्यानं होणार नाही. मुलगा पुण्याहून लिहितो, आई, आता ये इकडं, किती दिवस एकटी राहणार. येईनसुद्धा. पण हरून जायचं मनात नाही.

शुक्रवार, ८ एप्रिल. उदगीर

खाजाभाईंनी हैदराबादच्या एका ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, नळ्यांतलं पाणी अडकलं असेल, फ्रिज एक दिवस डोक्यावर उभा करा.

"बाई, माणसं शीर्षासन करतात ऐकलं होतं."

"करा हो. माझं वय झालं नसतं तर मीही केलं असतं."

चौघांनी टाकी काढून रिकामी केली, फ्रिज उचलला आणि दवाखान्याच्या पडवीत उलटा उभा केला. पेशंट येऊन नमस्कार करून जात होते. एका म्हातारबांनी विचारलं, "कोण वारलं?" सिंधु डॉक्टर इतक्या हसल्या की स्टेथोस्कोप गळ्यातून पडला. मग माझ्याकडं बघून एकदम गंभीर झाल्या. "काकू, मघाशी तुम्ही थर्मामीटर कुठल्या डोळ्यानं वाचलात? दुसरा झाकून दाखवा बरं." मी विषय बदलला.

गुरुवार, १४ एप्रिल. पाडवा. उदगीर

शीर्षासन फळाला आलं! आठवडाभर चार-पाच डिग्री. आज तक्त्यावर पहिला आकडा मांडला आणि गाडीच्या दारालाच गुढी बांधली. चौदा ते अठ्ठावीस, पंधरा दिवस. यात एक दिवस चुकला तर तीस तारखेच्या आत दुसरे पंधरा नाहीत.

सोमवारी जळकोट. तिथं खरी परीक्षा.

सोमवार, १८ एप्रिल. जळकोट

आज सगळं क्रमानं लिहिते.

दुपारी दोनला ओट्यावर पोचलो. पाणसळ झाली, खाजाभाईंची बशी झाली, ज्योत लागली. नेहमी मी ज्योत लावली की मठात जाऊन तासभर पडते. आज चैन पडेना म्हणून गाडीतच पलंगावर आडवी झाले. डोळा लागणार तोच बाहेर कुजबूज. जाळीचं झाकण उघडल्याचा आवाज.

मी बाहेर आले. दानम्मा खाली बसलेली, टाकीचं बूच एका हातात, दुसऱ्या हातात पळी. तिच्यामागं ओळीनं सहा-सात बाया, प्रत्येकीच्या हातात वाटी. वाट्यांत करडईचं तेल.

"दानम्मा!" असा आवाज मी शाळा सोडल्यापासून काढला नव्हता. मठातली कबुतरं उडाली.

तिच्या पळीतलं तेल जमिनीवर सांडलं. ती घाबरली नाही, उलट मलाच समजावू लागली.

"अक्का, सोमवारी आमी चुकवत न्हाई. आदी मी एकलीच घालत हुते. मंग म्हनलं, दिवा गावाचा हाय तर गावानं घालावं. घरात फोडनीला न्हाई तेल, पर ह्येला राखून ठिवतो आमी. तुमी एकल्या कुठवर रॉकेल पुरवनार?"

मागून एक बाई म्हणाली, "मागल्या सोमवारी गाडी न्हवती, तर म्या आज दोन पळ्या आनल्यात."

भज्यांचा वास. स्टोव्हचा धूर. तेरा, चौदा, सोळा. दर सोमवारी एकेक वाटी वाढत होती आणि मी आपली जमीन सरळ करत बसले होते.

रागवायचं होतं. तोंड उघडलं आणि समोर तो तांबड्या काचेचा दिवा आला. तेलाचं भांडं दोन्ही हातांनी धरून चवड्यांवर उभी असलेली नऊ वर्षांची मी. मला कुणी ओरडलं असतं तर?

मी खाली बसले, तिच्या शेजारी. "दानम्मा, आज टाकीत किती घातलंस?"

"येकच पळी. सुनेच्या नावाची."

"ह्या दिव्याला तेल चालत नाही गं. ह्याला पचत नाही. तू घातलंस की तो आजारी पडतो."

तिनं पळी खाली ठेवली. "म्हंजी म्याच..."

"तू नाही. मी सांगितलंच नव्हतं तुला. शिकवणाऱ्याचीच चूक ती."

खाजाभाई तोवर कामाला लागले होते. ज्योत विझवली, टाकी उपसली, कोरड्या फडक्यानं पुसली, नवी वात. दानम्मा बाजूला हटेना. "मला दावा," म्हणाली. मग मी सांगत गेले, ती करत गेली. वात कशी सरळ कापायची, धुराड्यात ब्रश कसा फिरवायचा. आयुष्यभर दिवे लावलेली बाई! तिनं कापलेली वात माझ्या वातीपेक्षा सरळ होती.

थर्मामीटर साडेसात. मग पावणेआठ. खाजाभाई पुटपुटत होते, बाया "शिव शिव" म्हणत होत्या. ज्योत लागली. निळी. अर्ध्या तासानं सात आणि आठच्या मध्ये काटा थांबला आणि संध्याकाळी सहावर आला.

तेलाच्या वाट्यांचं काय करायचं? महादेवप्पांनी ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला, गाडीपासून लांब, विटांचा एक कोनाडा करून दिला. तिथं पणती लागली. दानम्मा म्हणाली, "ह्यो तेलाचा, त्यो रॉकेलाचा. दोगं भाऊभाऊ."

शुक्रवार, २९ एप्रिल. जळकोट

पंधरा दिवस पूर्ण!

साहेब लातूरहून जीपनं आले. तरुण आहेत. तक्ता बघितला, थर्मामीटर बघितला, ज्योत बघितली. खिशातून स्वतःची छोटी नवीकोरी पाणसळ काढून फ्रिजवर आडवी-उभी ठेवली. "एकदम परफेक्ट! कुणी केली लेव्हल?"

मी ताठ मानेनं यांची पाणसळ पुढं केली. "हिच्यावर केली. माझ्या यजमानांची आहे."

साहेबांनी कौतुकानं हातात घेतली, आपल्या पाणसळीशेजारी ठेवली, वाकून बघितलं. कपाळाला आठी पडली. "पण बाई, ही तर जरा..."

तेवढ्यात खाजाभाईंच्या हातून बशी निसटली. खळ्ळकन! साहेबांच्या बुटावर चहा. सगळी धावपळ झाली. तीस वर्षं गाडी चालवतात, हातून कधी काही पडलेलं मी बघितलं नव्हतं. साहेब त्यांच्याकडं बघत राहिले, मग पाणसळीकडं, मग माझ्याकडं. आणि एकदम हसले.

"ही जरा जपून ठेवा, असं म्हणत होतो. आता अशा मिळत नाहीत."

भला माणूस.

दुपारी बर्फाच्या डब्यातून खरी लस आली. पहिली सुई दानम्माच्या सुनेला. ती ओरडली, दानम्मा तिच्यावर ओरडली, "गप! ह्या सुईसाठी आमी दिव्याला शिकलोय." मग कोनाड्यापाशी जाऊन बराच वेळ बसली.

बुधवार, ११ मे. उदगीर

सिंधु डॉक्टरांनी अखेर पकडलंच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उद्या लातूरला ऑपरेशन, मग पुण्याला मुलाकडं दोन महिने. धुरकट काच पाणसळीची नव्हती म्हणे, माझी होती. नंतर बुडबुडा स्वच्छ दिसेल म्हणतात. आता कोण बघणार आहे तो!

मी नसताना कुणाकडं काय द्यायचं ते लिहून ठेवते. सिंधु, हे पान तुम्ही फाडून घ्या.

वात कापायची कात्री, धुराड्याचा ब्रश, टाकीची किल्ली दानम्माला. ज्योतीची मालकीण तीच. सोमवारी बाया आल्या तर कोनाड्याकडं तीच वळवते, तुम्ही मध्ये पडू नका.

इंग्रजी पुस्तक तुमच्याकडं. त्याचं मराठी मी या वहीच्या मागच्या पानांवर केलंय. वही गाडीतच राहू द्या. महादेवप्पांची नात चौथीत आहे, ती दानम्माला वाचून दाखवते.

तक्त्याची जुनी पानं साहेबांना, मागतील तर.

पलंगाखाली वर्तमानपत्राच्या घड्यांची पिशवी आहे. ती कुणाला देऊ नका. ती हदगावची आहे.

पाणसळ खाजाभाईंना. यांच्यानंतर तिला एवढं जपणारा माणूस मी बघितला नाही. नको म्हणतील, तरी द्या.

आणि लातूरला जाताना मी बाजारातून एक चिनीमातीची बशी घेऊन देणार आहे, तीही त्यांनाच. पाणसळीनं गाडी सरळ झाली तरी बशीतला चहा बघितल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या सवयी असतात, मोडू नयेत.